बाईंनी ओळखलं ते मला

मी फोटो बोलतोय. दिवाणखान्यात चौकटीत बसून मिरवणारा मोठा फोटो नव्हे हो, पासपोर्ट साइजचा, तळहाताच्या एका कोपऱ्यात मावेल एवढा. एवढ्याशा जिवाने काय दिवे लावायचे? पण माझ्यामुळे एक निरपराध माणूस जन्मठेप भोगतोय. मी त्याच्या वाईटावर नव्हतो. मी नुसता दिसलो, तोही एकटा, आणि तिथेच सगळा घात झाला.

माझा मालक लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या कंपनीने फर्मान काढलं की, ज्या ज्या इमारतीत कामाला जाल, तिथल्या पहारेकऱ्याकडे आपला फोटो द्यायचा. म्हणून जेवणाच्या सुट्टीत तो तोंड धुऊन स्टुडिओत आला. नखांत ग्रीस तसंच.

“मान वर. जरा हसा,” फोटोग्राफर म्हणाला. “अहो, एवढं नको! हसरी माणसं ओळखपत्राला चालत नाहीत.”

या फोटोग्राफरला एक खोड होती. कुणाच्या चेहऱ्यावर डाग, मुरूम, काही दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. मालकाच्या उजव्या गालावर वाटाण्याएवढी चामखीळ होती. कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत ती गायब झाली आणि मी जन्माला आलो, माझ्यासारख्याच सात भावांबरोबर.

“अहो, माझी चामखीळ कुठे गेली?” मालक म्हणाला.

“काढली की! डॉक्टरकडे गेला असतात तर दुखलं असतं.”

“बायको ओळखायची नाही मला.”

“नवीन नवरा मिळाला म्हणून खूश होईल!”

दोघंही हसले. मीसुद्धा मनातल्या मनात हसलो. खोटं कशाला बोलू, गुळगुळीत गालाचा मला तेव्हा अभिमानच वाटला होता.

भावंडं पांगली. एक मालकाच्या बायकोच्या पाकिटात गेला, एक मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर चिकटला, आणि मी एका सहा मजली इमारतीच्या पहारेकऱ्याच्या वहीत.

त्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक आजोबा एकटे राहायचे. तोंडाने भारी फटकळ. एकदा ते लिफ्टमध्ये अर्धा तास अडकले आणि बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या मालकाला साऱ्या इमारतीला ऐकू जाईल असं झापलं. मालकही वैतागून बोलून गेला, “आजोबा, लिफ्ट काय माझ्या बापाची आहे?” बस, एवढंच. चार दिवसांनी संध्याकाळी साडेपाचला कुणीतरी चोरी करायला आजोबांच्या घरात शिरलं. पळताना आजोबांनी त्याला जिन्याच्या तोंडाशी धरलं, त्याने ढकललं, आणि जिन्यावरून गडगडत गेलेले आजोबा पुन्हा उठलेच नाहीत. माझा मालक त्या दिवशी इमारतीत काम करून पाचला निघाला होता. घरी पोचला सहाला. मधला तासभर तो सायकलवर होता, आणि सायकल काही साक्ष देत नाही.

आजोबांच्या समोरच्या दारात एक बाई राहायच्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. नुकत्याच राहायला आलेल्या, त्यामुळे माझ्या मालकाला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. आवाज ऐकून त्यांनी दार उघडलं, तर एक माणूस जिना उतरत होता. त्याने एकदा वळून वर पाहिलं आणि तो पळाला. त्याच दिवशी बाईंनी पोलिसांना सांगितलं: उंच, दाट भुवयांचा, गाल स्वच्छ. उंची आणि भुवया माझ्या मालकाच्याही तशाच होत्या. नशीब म्हणतात ते हेच.

तपास करणाऱ्या साहेबांना भांडणाची गोष्ट कळली. पहारेकऱ्याच्या वहीतून त्यांनी मला सोडवून घेतलं आणि बाईंना ठाण्यात बोलावलं. हे साहेब काही दुष्ट नव्हते. लाच खाणारे नव्हते, मारहाण करणारे नव्हते. आजोबांना न्याय मिळावा म्हणून त्यांची जेवणाखाण्याची शुद्ध गेली होती. म्हणून तर मला जास्त भीती वाटते. दुष्टाला कधीतरी टोचणी लागेल, पण ज्याला आपण बरोबरच आहोत असं वाटतं, त्याला कोण थांबवणार?

“साहेब, शेजारी आणखी पाच-सहा फोटो ठेवूया का? असेच भुवयावाले?” म्हातारे हवालदार दबक्या आवाजात म्हणाले.

“आता पाच-सहा कुठून पैदा करू? आणि बाईंना उगाच गोंधळात कशाला टाकायचं?”

झालं. टेबलावर मी एकटा.

बाईंनी चष्मा लावला, मला हातात घेतलं. “असाच होता काहीसा... पण नक्की नाही हो सांगता येत.”

“घाई नाही, बाई. चहा घ्या. निवांत बघा.”

बाई चहा पिईपर्यंत मी त्यांच्या समोर होतो. त्या घोट घेत आणि माझ्याकडे बघत. मला समजत होतं काय होतंय ते. जिन्यातला तो माणूस त्यांच्या डोळ्यांसमोरून हळूहळू मागे सरकत होता आणि त्याच्या जागी मी बसत होतो. मला ओरडायचं होतं की बाई, मला उलटा ठेवा! पण कागदाला कुठली वाचा?

“डोळे तर तेच वाटतात,” त्या शेवटी म्हणाल्या.

“शाब्बास! आम्हालाही तोच वाटतोय,” साहेब म्हणाले, आणि बाईंचा चेहरा खुलला. उत्तर बरोबर आलेल्या मुलीसारखा.

‘नक्की नाही सांगता येत’ हे वाक्य कुणीच लिहून घेतलं नाही. फोटो दाखवला, हेही नाही. साहेबांनी मला टेबलाच्या खणात टाकलं आणि कागदोपत्री मी जगात उरलोच नाही.

अकरा दिवसांनी ओळख परेड झाली. मी तिथे नव्हतो, हवालदारांच्या तोंडून ऐकलं. सहा माणसं रांगेत उभी केली. एकट्याच्याच गालावर खूण नको, म्हणून नियमाप्रमाणे सहाही जणांच्या उजव्या गालावर पट्टी चिकटवली. नियम चांगला, हेतू चांगला. पण मालकाची चामखीळ त्या पट्टीखाली गेली आणि तो हुबेहूब माझ्यासारखा दिसायला लागला. बाई सरळ त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. “हाच. मी चाळीस वर्षांत एकाही पोराचा चेहरा विसरलेली नाही.”

अहो बाई, तुम्ही त्याला नाही, मला ओळखलंत!

कोर्टात मालकाच्या वकिलाने विचारलं, “तुम्ही म्हणालात गाल स्वच्छ. याच्या गालावर एवढी मोठी चामखीळ आहे, त्याचं काय?” बाई म्हणाल्या, “जिन्यात उजेड कमी होता. पण माणूस हाच.” आवाजात एवढीशी थरथर नव्हती. अशा बाईवर कोण अविश्वास दाखवेल? जन्मठेप झाली. मालक एकच वाक्य म्हणत राहिला, “मी नव्हतो हो तिथे.” त्याच्या बायकोने वरच्या कोर्टात धाव घेतली, तिथेही तेच. पहिलीतली मुलगी आता आठवीत आहे. ती भेटायला जाते तेव्हा काय बोलावं हे दोघांनाही सुचत नाही, असं हवालदार निवृत्त होताना कुणाला तरी सांगत होते.

गेल्या मंगळवारी बाई पुन्हा ठाण्यात आल्या. हातात काठी. साहेब नवे, टेबल जुनंच.

“गेल्या आठवड्यात बँकेच्या रांगेत मला तोच माणूस दिसला,” बाई म्हणाल्या. “तोच चेहरा. मी किंचाळलेच. तर तो वळून म्हणतो, ‘बाई, मी तुमचा विद्यार्थी! तुम्ही मला भूमितीत नापास केलं होतं.’”

साहेब हसले. बाई हसल्या नाहीत.

“माझा स्वतःच्याच विद्यार्थ्याबद्दल असा घोळ होतो, तर सात वर्षांपूर्वी झाला नसेल कशावरून? मला आठवतंय, या टेबलावर एक फोटो होता. आणि मी आधी ‘नक्की सांगता येत नाही’ म्हणाले होते. तसं कुठे लिहिलंय का, बघता?”

नव्या साहेबांनी फाइल मागवली. भला माणूस, पानन् पान चाळलं. “फोटोची नोंद नाही, बाई. ‘निःसंशय ओळखले’ असं आहे. खाली तुमची सही.”

“सही माझीच आहे.”

“मग फोटो होता म्हणताय, ते नक्की आठवतंय?”

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. बाई, हो म्हणा. फक्त हो म्हणा!

साहेबांनी खण उघडला. उजेड माझ्या तोंडावर पडला. त्यांनी बोटाने मला बाजूला सारलं, खालचं पेन काढलं आणि कोऱ्या कागदासकट बाईंपुढे ठेवलं. “जे आठवतंय ते लिहून द्या. मी पुढे पाठवतो.”

बाईंनी ‘मी’ एवढंच लिहिलं. हात थांबला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“नक्की आठवत नाही हो,” त्या म्हणाल्या. “एकदा खात्री नसताना सही करून बसले. आता पुन्हा तसंच कसं करू?”

त्यांनी पेन परत दिलं, काठी घेतली आणि त्या गेल्या. पेन पुन्हा खणात आलं. खण बंद झाला.

वाचणाऱ्यांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी त्या टेबलाच्या अलीकडे बसेल, कुणी पलीकडे. माझ्यासारख्याला एकट्याला कुणापुढे ठेवू नका. शेजारी तशीच पाच-सहा माणसं असू द्या, आणि संशय कुणावर आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्यालाच दाखवू द्या. साक्षीदाराचं पहिलं वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या. ‘सांगता येत नाही’ असलं, तर तेच लिहा. कुणाला शाब्बास म्हणू नका.

आणि त्या ठाण्यात कधी गेलात, तर साहेबांच्या टेबलाचा डावीकडचा वरचा खण उघडा. मी पेनांच्या मध्ये पडलोय. माझ्या पाठीवर पहारेकऱ्याच्या वहीचा डिंक अजून आहे.