टाके मागे आहेत

"गौलीगुड्याची शिकवणी बंद, आई. मी त्यांना फोन करून सांगितलंय," मकरंद चहाचा घोट घेत म्हणाला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मला न विचारता! तीस वर्षं मी आबिड्सच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतरही दर गुरुवारी हिमायतनगरहून गौलीगुड्याला जाते, दहावीच्या मुलींना शिकवायला. तेवढा एक दिवस माझा आहे, आणि तो माझ्या मुलाने परस्पर रद्द केला. का, तर गेल्या आठवड्यात एका खासगी मिनीबसमधून उतरताना मी पडले. ड्रायव्हर मकरंदला म्हणाला, "अम्माच चलती गाडी से कूदे साब, मैं रोकताइच था." या इंजिनिअर महाशयांनी मान डोलावली.

"बस थांबलेली होती. मी गाडीच्या पुढच्या बाजूला तोंड करून पायरीवर होते. त्याने झटका देऊन गाडी काढली," मी दहाव्यांदा सांगितलं.

"आई, लाइट घे ना, एवढं मनावर नको घेऊस. या वयात होतो असा घोटाळा."

या वयात! मी ताडकन उठले.

"सतरंजीवर उभा राहा. दिवाणाकडे पाठ कर."

तो हसत उभा राहिला. मी सतरंजीचं पुढचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि होता नव्हता तो राग लावून ओढलं. साहेब धप्पकन दिवाणावर उताणे.

"कुठे पडलास?"

"मागे."

"का?"

"पाय पुढे ओढले गेले. अंग जागच्या जागीच राहिलं."

"आणि चालत्या गाडीतून उडी मारली असतीस तर?"

तो दिवाणावर उठून बसला. मग हळूच म्हणाला, "पाय जमिनीवर थांबले असते. अंग पुढे गेलं असतं. तोंडावर आपटलो असतो."

मी त्याच्याकडे पाठ केली आणि अंबाडा वर उचलला. डोक्याच्या मागे तीन टाके होते. दवाखान्यात तोच तर माझा हात धरून बसला होता.

"सॉरी, आई."

माझे डोळे भरून आले, पण राग ओसरला नाही. ड्रायव्हर खोटं बोलला, ठीक आहे. तो मला ओळखत नाही. पण याला गतीचे नियम मीच शिकवले होते.

"सॉरी मला नको. गौलीगुड्याला फोन लाव."

त्याने लावला. "हौ, मकरंद बोलतोय," तो खाली बघत म्हणाला, "बाई गुरुवारी येताहेत. नाही, पडल्या नव्हत्या. पाडलं त्यांना."