घसा बसवलेला मॉनिटर

मित्रांनो, त्या दुपारी भेटीची वेळ सुरू झाली आणि एक माणूस नव्या मऊ सपाता घेऊन वॉर्डात आला. ऑपरेशननंतर त्याच्या बायकोचे पाय सुजले होते, जुन्या चपला चढत नव्हत्या. "तुझ्या आवडीचा रंग नाही मिळाला बघ," असे तो दारातूनच म्हणाला. मग त्याला खाटेभोवती ओढलेला पडदा दिसला. डॉक्टरांनी त्याला खुर्चीवर बसायला सांगितले. तो बसला नाही. हातातल्या सपाता कुठे ठेवाव्यात हे त्याला कळेना, म्हणून त्या त्याने माझ्या डोक्यावर ठेवल्या.

मी एक जुना मॉनिटर आहे. रुग्णाच्या बोटाला लावलेल्या चिमट्यातून त्याच्या श्वासाची खबर घ्यायची आणि काही बिघडले की ओरडायचे, हे माझे काम. मला काच आहे, तिच्यावर आकडे दिसतात. पण माणसे सारखी काचेकडे बघत बसू शकत नाहीत, म्हणून मला आवाज दिला गेला. कारखान्यात एका बाईने तो तपासला, कानांवर हात ठेवले आणि म्हणाली, "हा तर अख्खी गल्ली जागी करील!"

सुरुवातीची वर्षे चांगली गेली. एकदा एका आजींचा श्वास अडकला. मी ओरडलो, सिस्टर धावली, आजी वाचल्या. घरी जाताना त्यांनी मला थोपटले. "तू माझ्या नातवापेक्षा बरा रे. तो हाक मारली तरी येत नाही, तू न बोलावता ओरडतोस."

मग चिमट्याची स्प्रिंग सैल झाली. रुग्णाने कूस बदलली की चिमटा सरकायचा, आणि मला वाटायचे श्वास थांबला. सिस्टर धापा टाकत यायची, तर खाटेवरची बाई निवांत पाणी पीत असायची. नवे चिमटे कितीदा मागितले गेले. आले नाहीत. वॉर्डातल्या सगळ्या मॉनिटरांची तीच गत होती. दिवसभर आम्ही खोटेच ओरडत होतो.

शेवटी कोणीतरी माझ्या आवाजाच्या जाळीवर कापसाचा बोळा ठेवून वर चिकटपट्टी लावली. कोणी, ते मलाही आता आठवत नाही. पण रीतच पडली. वॉर्डात त्याला 'घसा बसवणे' म्हणत. नवी सिस्टर आली की जुनी तिला शिकवायची, "औषधांचं कपाट इथे, चादरी तिथे, आणि याचा घसा बसवून ठेवायचा, नाहीतर पेशंट तुझं डोकं खातील." पट्टी सुटली की तिच्यावर दुसरी बसायची. डॉक्टर फेरीला आले की म्हणायचे, "वा, आज शांतता आहे!" एकदा यंत्रे तपासणारा माणूस आला. त्याने काच पुसली, एक बटण दाबले आणि 'तपासले' असा निळा कागद चिकटवला. जागा कमी पडली, म्हणून अर्धा माझ्या अंगावर आणि अर्धा त्या पट्टीवर.

तेव्हापासून मी ओरडलो की ते ओरडणे माझ्याच पोटात फिरत राहायचे.

सपाता आणणाऱ्याची बायको शिवणकाम करायची. पित्ताशयातले खडे काढून ती माझ्या शेजारच्या खाटेवर आली. झोपेतही तिची बोटे टाके घालत. चिमटा सरकत होता, आणि पट्टीचे एक टोक सुटल्यामुळे माझा आवाज बाहेर येत होता.

"सिस्टर, याला जरा गप्प करा हो," ती म्हणाली. "माझ्या सासूबाईसुद्धा एवढं टोकत नव्हत्या."

"त्यांचा मुलगा इथेच बसलाय हं," नवरा म्हणाला.

"म्हणून तर हळू बोलले."

सिस्टर हसली. तिने नवी पांढरी पट्टी कापली आणि जुन्या पट्ट्यांवर दाबून बसवली. निळा कागद तिच्याखाली गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बाईला दुखणे कमी करण्याचे इंजेक्शन दिले. तिला गाढ झोप लागली. त्या वेळी सिस्टर बाजूच्या वॉर्डात होती, कारण जेवणाच्या वेळेला दोन्ही वॉर्ड रोज एकटीनेच सांभाळायचे असत. आम्हा सगळ्यांचे आकडे एकत्र दाखवणारा पडदा पूर्वी सिस्टरच्या टेबलावर होता. तो दुरुस्तीला गेला तो गेलाच. त्याच्या जागी फुलदाणी होती.

त्या बाईचा श्वास मंदावत गेला. चिमटा जागेवर होता. मी खरे ओरडलो. पलीकडच्या खाटेवरच्या बाईला वाटले, कोणाचा तरी फोन कुरकुरतोय.

पोलिसांनी मला जाड पिशवीत घातले. सपाता माझ्या डोक्यावरच होत्या, त्याही आत गेल्या. पिशवीला मोहर लागली आणि मला मुद्देमालाच्या खोलीत ठेवले. या खोलीला खिडकी नाही. खटला एकट्या सिस्टरवर भरला गेला. पट्ट्या आधीपासून होत्या, असे तिने सांगितले. रुग्णालयाने कळवले की आमच्याकडे अशी पद्धत नाही. बाकीच्या सिस्टर गप्प राहिल्या. त्यांनाही नोकरी होती.

साक्षीच्या दिवशी मला न्यायालयात नेले. बाहेरच्या बाकावर पोलिसाने मला त्या नवऱ्याशेजारीच ठेवले. त्याच्या एका बाजूला त्याचा मेव्हणा होता, समोर वॉर्डातली मावशी.

"मावशी, तिथे आता कसं आहे?" त्याने विचारले.

"नवं मशीन आलंय. पट्टी लावायला सक्त मनाई, भिंतीवर पाटीच लावलीय."

"आणि चिमटे?"

"तेच. दुपारची सिस्टरही एकच. पाटी मात्र चांगली मोठी आहे."

मेव्हणा वाकून म्हणाला, "दाजी, आत जाऊन घोळ घालू नका. पट्टी त्या सिस्टरनेच लावली. माझी बहीण गेलीय."

"माझी बायको गेलीय रे. सिस्टरने एक लावली, मी पाहिली. पण खालच्या कोणी लावल्या?"

"खालच्यांचं मला काय करायचंय? एकाला तरी शिक्षा होऊ दे!"

"आणि उद्या त्या खाटेवर दुसऱ्या कोणाची बहीण असली तर?"

मेव्हणा डोळे पुसू लागला.

आत सरकारी वकिलांनी नवऱ्याला विचारले, "पट्टी आरोपीनेच लावली ना?"

"हो, पण तिच्या खाली..."

"हो. एवढं पुरे."

"पुरे नाही साहेब," तो म्हणाला. "मी तिथे बसलो होतो. पट्टीवर पट्टी होती. वरची काढा आणि खाली काय आहे ते बघा."

सिस्टरने त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली. मला वाटले, आता कोणीतरी पिशवी उघडणार. पण सरकारी वकील म्हणाले, हात लावला तर पुरावा बिघडेल. न्यायाधीशांनी सिस्टरच्या वकिलांना लेखी अर्ज द्यायला सांगितले; मग पट्ट्या काढून बघायला तज्ज्ञ नेमू, असे ते म्हणाले. अर्ज दिला गेला. त्यावर नुसत्या तारखा पडत आहेत.

निघताना त्या माणसाने पोलिसाला विचारले, "या सपाता तरी परत मिळतील का?"

"मुद्देमाल आहे दादा. निकाल लागल्यावर."

मित्रांनो, सिस्टरची पट्टी माझ्यावर आहे, ते मी नाकारत नाही. तिच्याखाली इतरांच्या पट्ट्या आहेत आणि तो निळा कागद आहे. मला हे सांगायचे आहे, पण माझे तोंड बंद आहे आणि वर पिशवीही बंद आहे.

तज्ज्ञ अजून नेमलेला नाही. वॉर्डात नवे चिमटे आलेले नाहीत. सपाता माझ्या डोक्यावरच आहेत. पट्टी अजून कोणी काढलेली नाही.