घरटी एक मशीन

मी एक जुने शिलाई मशीन आहे, आणि मित्रांनो, माझ्या अंगावरच्या या सोनेरी रंगाला भुलू नका. हा माझा रंग नव्हे. मी मूळचे काळे कुळकुळीत आहे. तुम्ही तुमच्या बाईंच्या मागे रांगेने ही मदत कचेरी बघायला आलात आणि दारातल्या शोभेच्या वस्तूसमोर थांबलात. तुमच्यातल्या एकीने, उसवलेल्या दप्तरवाल्या मुलीने, माझे चाक फिरवून पाहिले. ते तसूभरही हलेना, तेव्हा ती दचकली. मला ती मुलगी आवडली. मी स्वतः कितीतरी महिने दचकलेलेच आहे, आणि कशाने दचकले हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म ओतशाळेतला. लोखंडाचे अंग, पोटात दातेरी चाके, खाली जाळीदार पायडल आणि उजव्या हाताला एक लाकडी खण. हा खण पहिल्यापासूनच हट्टी. ओढून उघडत नाही, खालून गुडघ्याने ठोसा द्यावा लागतो. मावशीच्या आईने मला घरात आणले आणि लेकीच्या हाती सोपवताना एवढेच सांगितले, "याला रोज तेल दे. हे तुला उपाशी ठेवणार नाही."

मावशी म्हणजे आमच्या गल्लीची शिवणकाम करणारी. तिला सगळेच मावशी म्हणत. तिच्याहून वयाने पुष्कळ मोठे असलेले शेजारचे भट्टीवाले काकाही तिला मावशी म्हणत आणि ती त्यांना काका म्हणे. नात्यांची शिवण अशी उलटसुलट होती, पण कुणाचे काही अडले नाही. रस्त्याला लागून तिची एक भाड्याची खोली होती. पुढे मी, मागे पडदा, पडद्यामागे ती आणि तिची लेक. दार दिवसभर उघडे असायचे.

काम घेण्याची मावशीची एक रीत होती. कुणी कपडा घेऊन आले की ती आधी तो उलटा करून शिवण बघायची. मग खणातून बोटात घालायचे पत्र्याचे टोपण काढायची, ते मधल्या बोटात चढवायची आणि माझ्या फळीवर एकदा वाजवायची. टक्! टक् झाले म्हणजे काम घेतले. मग कितीही ओझे असो, ती शब्द मोडत नसे. गल्लीतली माणसे कपडा टाकून लगेच निघून जात नसत, टक् ऐकून मगच वळत. मला त्या आवाजाचा फार अभिमान होता.

गल्लीच्या टोकाला काचेच्या बाटल्यांचा कारखाना होता. त्याच्यावरच आमची सगळी गल्ली पोसलेली. मी कामगारांचे जाड एप्रन शिवले, त्यांच्या मुलांचे गणवेश शिवले, उशांचे अभ्रे आणि खिडक्यांचे पडदे शिवले. भट्टीवाले काका तर सांगत, "मावशीची शिवण फाटायची नाही, कापड फाटेल." मी एवढी स्तुती ऐकूनही डोक्यात वारे जाऊ दिले नाही. थोडेसे गेले असेल.

मग कारखाना बंद पडला. भट्टी विझली आणि घराघरांतली माणसे दिवसाढवळ्या उंबऱ्यावर बसलेली दिसू लागली. नवे कपडे शिवणे थांबले, पण जुने कपडे फाटायचे थोडेच थांबतात? उलट माझे काम वाढले. मावशी झिजलेल्या कॉलरी उलटून लावायची, मोठ्याची पँट कापून धाकट्याला करायची. ज्याला जे जमेल ते तो द्यायचा. कुणी देत नसे, तरी टक् वाजायचे. हाल होते, पण हालातही गल्ली एकमेकांना धरून होती आणि आमच्या खोलीचे भाडे निघत होते.

तेवढ्यात सरकारने मदतीचा हात पुढे केला. ठरले असे की, सढळ हाताने खर्च करायचा, अडलेल्या प्रत्येक घराला कमाईचे साधन द्यायचे. घर कमावेल, घर बाजारात जाईल, बाजार चालेल आणि पैसा खेळता राहील. ऐकायला झकास. कोणत्या गल्लीला काय द्यायचे हे ठरवायला एक तरुण साहेब आले. माणूस मनाने चांगला होता, हे मी आधीच सांगून ठेवते. भर उन्हात पायी हिंडले, एकेका उंबऱ्याशी थांबले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत गेले, "या गल्लीत कोणाचं त्यातल्या त्यात बरं चाललंय?"

सगळ्यांनी आमच्याकडे बोट दाखवले. "मावशीचं. तिच्याकडे मशीन आहे ना."

साहेब आमच्या दारात आले. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा तुटायला आला होता. मावशीने तो मागून घेतला आणि बोलता बोलता माझ्यावर शिवून दिला. साहेबांनी विचारले, "तुमचं कसं काय चालतं हो?" मावशीने माझ्या मानेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "या मशीनच्या जिवावर. हे आहे म्हणून आम्ही आहोत."

मी फुलून गेले. इतक्या मोठ्या माणसासमोर माझे नाव निघाले होते. साहेब माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले, मान डोलावली आणि निघून गेले.

आणि मित्रांनो, मग एके सकाळी गल्लीत ट्रक शिरला. त्याची फळी खाली पडली, आतले खोके दिसले आणि खोक्यांवरचे चित्र बघून माझ्या पोटातली चाके जागच्या जागी थिजली. शिलाई मशीन! एक नाही, दोन नाही, घरटी एक! पांढरीशुभ्र, हलकी, विजेवर चालणारी. भट्टीवाल्या काकांना एक, कोपऱ्यावरच्या आजींना एक, ज्यांना दिसत नव्हते त्या आजोबांनाही एक. मी मावशीकडे पाहिले. एवढ्यात ट्रकवरचा माणूस आमच्याही उंबऱ्यात खोके ठेवून गेला. मावशी त्याच्या मागे धावली. "अहो, माझ्याकडे आहे मशीन!"

"असू द्या की मावशी. घरटी एक म्हणजे घरटी एक. सही करा."

मी माझ्या आयुष्यात सुया मोडलेल्या पाहिल्या, पट्टे तुटलेले पाहिले, पण असा प्रकार पाहिला नव्हता. आमची स्तुतीच आमच्या मुळावर आली होती. या गल्लीत ज्याच्याकडे मशीन आहे त्याचे बरे चालते, मग सगळ्यांना मशीन द्या म्हणजे सगळ्यांचे बरे चालेल! हिशेब इतका सरळ होता की त्यात कुणाला खोट दिसली नाही. गल्लीतही कुणाला दिसली नाही. माणसे खोकी फोडून लहान मुलांसारखी हरखली होती, आणि त्यांना तरी काय बोलायचे? किती दिवसांनी त्यांच्या दारात काहीतरी आले होते.

त्या दुपारपासून घराघरांतून घरघर सुरू झाली. भट्टीवाल्या काकांनी आयुष्यभर पेटती काच हाताळली होती, पण सुईपुढे त्यांचा धीर सुटला. पहिल्याच दिवशी त्यांनी शर्टाची बाही शर्टालाच शिवून टाकली. कुणाचा पडदा खिडकीपेक्षा आखूड झाला, कुणाच्या पँटचा एक पाय उलटा लागला. मी मनात हसले. म्हटले, येतील दोन दिवसांत मावशीकडे, नाक मुठीत धरून.

कुणी आले नाही. हा मला बसलेला दुसरा धक्का. घरात सरकारने दिलेले मशीन असताना कपडा बाहेर शिवायला टाकायचा म्हणजे लोक काय म्हणतील? उधळेपणाच तो! म्हणून माणसे वाकडीतिकडी शिवण अंगावर घालून हिंडू लागली आणि आमच्या दारावरून जाताना मान दुसरीकडे वळवू लागली. काका तर पलीकडच्या कडेने जात. त्यांच्या शर्टाची बाही तेवढी मावशीला दिसू नये म्हणून हाताची घडी घालत. ती त्यांना हाक मारायची, "काका, द्या इकडे, नीट करून देते." ते लाजून म्हणायचे, "नको गं मावशी, शिकतोय मी."

नवी मशीन कुणाला काय मिळवून देणार? शिवणारे गल्लीभर आणि शिवून घेणारा एक नाही. महिन्याभरात घरघर थांबली, त्या पांढऱ्या मशीनांवर धुळीची खोळ चढली. पण आमच्या दाराकडे वळणारी पावले ती वळलीच नाहीत. टोपण खणात पडून राहिले. मावशी रोज सकाळी दार उघडायची, मला तेल द्यायची आणि बसून राहायची.

अखेर खोलीचे भाडे थकले. घरमालकाने सामान बाहेर काढायची भाषा केली. मावशीची लेक म्हणाली, "आई, नवं मशीन विकून टाकूया."

"ते विकता येत नाही गं. सरकारी मदत आहे. विकली तर दंड."

"मग?"

मावशी माझ्याकडे बघत होती. तेव्हा मला कळले आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. घरात दोन मशीन होती. फुकट आलेले विकायची बंदी होती, म्हणून कमावलेले विकावे लागणार होते. भंगारवाला आला तेव्हा मावशी पडद्याआड गेली. बाहेर आली नाही. लेकीने माझ्या चाकावरून हात फिरवला. गडबडीत खण रिकामा करायचे दोघींनाही सुचले नाही.

भंगारात मी पावसात भिजले, ती कथा सांगत नाही. एक सजावटवाला मला घेऊन गेला. त्याने माझी सुई डिंकाने चिकटवली, पट्टा काढला, चाक जोडून पक्के केले आणि मला हा सोनेरी रंग फासून इथे, मदत कचेरीच्या दारात आणून बसवले. येणारे-जाणारे माझ्याकडे बघून खूश होतात. दाराशी उभा राहणारा रखवालदार रोज माझ्यावरची धूळ पुसतो, पण तेल मात्र कुणी देत नाही.

मित्रांनो, सगळ्यात मोठा धक्का पुढेच आहे. एके दिवशी समोरच्या खिडकीच्या रांगेत मावशी उभी दिसली. वाळली होती. तिचा नंबर आला.

"धंदा?" खिडकीतल्या बाईंनी विचारले.

"शिवणकाम."

"मग तुम्हाला मशीन मिळालंय की. मशीनवाल्या घराला दुसरी मदत नाही मिळत."

"मशीन आहे हो बाई. काम नाही."

"मशीन असून काम नाही? असं कसं होईल?"

मावशीने एकदा खिडकीकडे पाहिले आणि ती जायला वळली. वळताच तिला मी दिसले. रंगाखालूनही तिने मला ओळखले. सरळ माझ्यापाशी आली, खाली वाकली आणि खणाला गुडघ्याने ठोसा दिला. रंगाने चिकटलेला खण कडकन उघडला. टोपण आत होते.

"अहो, हात लावू नका!" रखवालदार ओरडला.

त्या आवाजाने आतून तेच साहेब बाहेर आले. खांद्यावर तीच पिशवी होती. मावशी म्हणाली, "पट्टा टिकलाय अजून." साहेबांनी पट्ट्याकडे पाहिले, मग तिच्याकडे, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मावशी, हे... तुमचं? पण तुम्हीच म्हणाला होतात ना, या मशीनच्या जिवावर चालतं म्हणून?"

"म्हणाले होते. पण साहेब, मशीनला एक दार होतं आणि त्या दारातून माणसं येत होती. ते तुम्ही विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही. मला वाटलं, एवढं तर कुणालाही कळतं."

साहेब हळू आवाजात म्हणाले, "आता काय देऊ मी तुम्हाला?"

"गिऱ्हाईक द्या."

मावशीने टोपण बोटात चढवले आणि सवयीने माझ्या फळीवर वाजवले. टक्! माझ्या अंगातले सगळे लोखंड हलायला धडपडले, पण मी पक्के जोडलेले होते. साहेब म्हणाले, "ते टोपण तरी घेऊन जा. तुमचंच आहे." मावशीने ते काढून पुन्हा खणात ठेवले. "राहू द्या. बोट सांभाळायला आधी सुई चालायला हवी." आणि ती गेली.

साहेबांनी वर कळवले आहे म्हणतात. वरचे कधी ऐकतील ते ऐकोत. मावशीची खोली अजून तीच आहे, बंद कारखान्याच्या गल्लीत. माझ्या पैशांवर ती जेमतेम टिकली आहे. दार रोज उघडे असते.

म्हणून मित्रांनो, माझी एक विनंती आहे. कुणाला मदत करायची झाली तर त्याच्या घरात काय आहे एवढेच बघू नका, त्याच्या दारात कोण येते तेही विचारा. आणि तू, उसवलेल्या दप्तरवाली, इकडे ये. खण ओढू नकोस, खालून गुडघ्याने ठोसा दे. ते टोपण घे, साहेब तुला अडवणार नाहीत. मावशीकडे जा, पण मदत करायला जाऊ नकोस, तिला तसली मदत पुष्कळ झाली. गिऱ्हाईक होऊन जा. आधी तिच्यापुढे दप्तर ठेव आणि मग टोपण. लगेच निघू नकोस हं, टक् वाजेपर्यंत थांब.