गॅस न घेणारी पट्टी

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिसरी पट्टीही गॅस घेईना, तेव्हा योगिनी आहेरचा धीर सुटला.

विंचूरच्या औद्योगिक वसाहतीत एका भाड्याच्या शेडमध्ये तिची छोटी प्रयोगशाळा होती. पॅलॅडियम हा धातू हायड्रोजन वायू स्पंजासारखा शोषून घेतो. त्यात चांदी मिसळली की फुगताना-आकसताना तो तडकत नाही. अशा पट्ट्या नळीत भरून मिश्र वायू सोडला, तर साधा हायड्रोजन धातूत जास्त मुरतो आणि त्याचा जड भाऊ, ड्यूटेरियम, आधी बाहेर पडतो. मार्चमध्ये हे जमलं होतं. ऑगस्टअखेर नळी चालवून दाखवा, नाहीतर प्रयोगशाळा बंद, असं पैसे पुरवणाऱ्या कंपनीने कळवलं होतं.

आणि आता पट्ट्या मुक्यासारख्या पडून होत्या. योगिनीने सिलिंडर बदलला, गळती तपासली, भट्टीचं तापमान वाढवलं. दाबाचा काटा हलेना. मग तिच्या मनात आलं, ह्या पट्ट्या मुळात पॅलॅडियमच्या आहेत का? हा धातू सोन्यासारखाच मोलाचा, आणि कपाटाची किल्ली ललितकडे.

ललित कुटे सायखेड्याचा, आयटीआय शिकलेला. नळीचे जोड त्याच्याइतके पक्के कुणाला जमत नसत. पट्टी बाहेर तपासायला पाठवली तर तीन आठवडे जाणार होते. योगिनी तेवढं थांबली नाही. आपला प्रयोग फसला यापेक्षा माल बदलला गेला, हे मानणं तिला सोपं वाटलं. तिने तक्रार लिहून दिली. पोलिसांनी सायखेड्यात शेजाऱ्यांदेखत ललितच्या घरातले डबेसुद्धा उपसले. सापडलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी त्याने किल्ली तिच्या टेबलावर ठेवली.

"मॅडम, आधी पट्टी तरी तपासायची," एवढंच बोलून तो गेला.

पुढचे दोन आठवडे ती एकटीच झटत राहिली. जेवण सुटलं, कुणाशी धड बोलेना. एका रविवारी इंदिरानगरच्या घरी तिच्या सासूबाई, वत्सलाबाई, देवाची चांदीची भांडी घासत बसल्या होत्या. त्यांनी तिची जोडवीही मागून घेतली.

"तुझीच कशी गं इतकी काळी पडतात? घरात आमच्या कुणाची नाही पडत."

योगिनी जागीच बसली. चांदी काळी पडते ती गंधकाने. शेडच्या समोरच कांद्याच्या चाळी होत्या आणि जूनपासून त्यांतला कांदा सडून हवेत गंधक सोडत होता. तो वास तिच्या इतका अंगवळणी पडला होता की आताशा जाणवतही नसे. त्याच हवेत पट्ट्या कपाटात न गुंडाळता पडून होत्या. गंधकाचा नुसता पापुद्रा चढला तरी पॅलॅडियमचं तोंड बंद होतं, हे तिने स्वतः कितीदा वाचलं होतं.

सकाळी तिने एक पट्टी बारीक पॉलिश पेपरने घासली, धुतली, तापवली आणि गॅस सोडला. काटा खाली येऊ लागला. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते समोर घडत होतं, आणि ती टेबलावर डोकं टेकून रडत होती.

पोलीस ठाण्यात जाऊन तिने तक्रार मागे घेतली आणि तशीच सायखेड्याला गेली. ओट्यावर ललितचे वडील, भिमाजी, बसले होते. ललित वापीला कामाला गेला, असं ते म्हणाले. चूक आपली होती, हे तिने सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"माफी मागायला आल्या का त्याला कामाला न्यायला?"

"दोन्हीसाठी," योगिनी म्हणाली. खोटं बोलायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

भिमाजींनी फोन लावून तिच्या हातात दिला. तिने पट्टीचं सांगितलं. पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता.

"घासल्यावर गॅस घेतला?" ललितने विचारलं.

"घेतला."

"मग मी काय चोरलं होतं, मॅडम?"

त्याने फोन बंद केला. ती पुन्हा नंबर लावू लागली.

"आता नका लावू परत," भिमाजी म्हणाले. "तो येत नाय. तुमची चूक झाली हे लोकांनाबी सांगा, बास."

समोरच्या किराणा दुकानापाशी चारपाच जण उभे होते. योगिनीने त्यांच्यासमोर उभं राहून सांगितलं. दोघांनी ऐकलं, एकाने मान हलवली, बाकीचे फोनमध्ये होते.

साऱ्या पट्ट्या तिने घासल्या, नव्या नळीत भरल्या, जोड स्वतः दिले. तीनदा दिले, तिन्ही वेळा गळले. बाहेरून आणलेल्या वेल्डरचाही जोड टिकला नाही. एकतीस ऑगस्टला कंपनीची माणसं आली आणि सामान गाडीत भरू लागली. पट्ट्या चांगल्या आहेत, एवढंच ती त्यांना पुन्हा पुन्हा सांगत राहिली.