रिंगणात किटल्या

सर्कसची जीप भोंगा वाजवत आमच्या गावातून गेली, तेव्हा मी दूध सोसायटीच्या ओट्यावर रिकामी किटली घेऊन बसले होते. सत्त्याऐंशीचा दुष्काळ होता. पाण्यावाचून म्हशी आटल्या होत्या आणि रविवारी सोसायटीच्या सभासदांची वीस जनावरं बाजारात निघणार होती. त्यात माझी चंद्रीही होती.

"आमच्या जगलरला जमणार नाही असं काही करून दाखवा, मागाल ते घेऊन जा!" भोंगा ओरडला.

सर्कस धारूरच्या बाजारतळावर उतरली होती आणि तिच्या हत्ती-घोड्यांसाठी रोज पाण्याचा टँकर येत होता. काय मागायचं ते माझं तिथंच ठरलं. काय करायचं तेही. लहानपणी मी रतिबाच्या दुधाची किटली डोक्यावरून गरागरा फिरवत न्यायचे, थेंब सांडायचा नाही. आईनं त्यापायी मला चांगलं बडवलंही होतं.

आड कोरडा पडल्यापासून पाणी शेंदायचा दोर खुंटीला लोंबत होता. त्याच्या दोन टोकांना दोन किटल्या बांधल्या. सरावाला पाणी कुठून आणू? वाळू भरून फिरवल्या.

"येडी झालीस का?" आमचे मालक म्हणाले. "लोकं हासतील की."

"हासू द्या. चंद्री तर दावणीला ऱ्हाईल."

शनिवारी तीनचा खेळ. जगलरनं ताटल्या झेलल्या, बाटल्या झेलल्या, पेटते पलितेही झेलले. खोटं कशाला बोलू, गडी लई भारी होता. मग मॅनेजरनं पुकारा केला आणि मी पदर खोचून उतरले.

"बँड थांबंस्तोवर एक थेंब सांडणार न्हाई," मी म्हणाले. "जिंकले तर तुमी हाय तवर रोज आर्धा टँकर आमच्या जनावरांला."

मॅनेजर हसत कबूल झाला. आधी जगलरनं माझ्या किटल्या पाणी भरून फिरवून पाहिल्या. दुसऱ्याच फेऱ्याला बिचारा न्हाऊन निघाला! तंबू खदाखदा हसला.

किटल्या पुन्हा भरल्या. रिंगणाच्या कोरड्या बाजूला जाऊन मी दोर मधोमध धरला. बँड सुरू झाला आणि किटल्या गरगरू लागल्या, डोक्यावरून, पायाजवळून, पुन्हा वर. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. काय सांगू, छत्तीस वर्षांची बाई मी, पण अंगात नऊ वर्षांची पोरगी नाचत होती!

तेवढ्यात जुना दोर तुटला. एक किटली सुटून वर गेली. दुसरी डाव्या हातानं फिरवत मी धावले, सुटलेलीची कडी उजव्या हातानं पकडली आणि तिच्याच झोकानं तिला गोल फिरवून घेतली. बँड थांबला.

मॅनेजर वाकून जमीन बघू लागला. "हा बघा थेंब! हरलात बाई!"

माझ्या पायाजवळ माती ओली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"घाम हाय त्यो माझा! चाखून बघा!"

मॅनेजर जागचा हलेना. भिजलेला जगलरच गुडघ्यावर बसला. त्यानं त्या मातीला बोट लावलं आणि ते जिभेवर ठेवलं.

"खारट आहे, साहेब," तो म्हणाला. "बाई जिंकल्या."

रविवारी बाजाराच्या वेळेला चंद्री सोसायटीच्या हौदात नाकापर्यंत तोंड बुडवून उभी होती. शेजारी ओट्यावर आमचे मालक बसले होते. न सांगता ते माझा दोर सांधत होते.