गवंडीकाकांनी माझी भेग लिंपली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी दगडी कमान आहे. पण 'ही बांधली कोणी हो?' असं विचारू नका, मला हसू येतं. मला कोणीच बांधलेलं नाही. पूर्वी मी एक अखंड, गुबगुबीत कडा होते. पावसाचं पाणी अंगात मुरत गेलं, वारा वाळू घेऊन घासत राहिला आणि एके दिवशी माझ्या पोटातून पलीकडचं आभाळ दिसू लागलं. पोटाला भोक पडल्याचं एवढं कौतुक दुसऱ्या कोणाचं झालं नसेल!

पुढे इथे राष्ट्रीय उद्यान झालं. तिकीटखिडकी आली, पायवाट आली, माणसं आली. काहींनी माझ्या अंगावर नावं कोरली, बदाम काढून त्यात बाण मारले. पण खोटं कशाला बोलू, बहुतेकांनी मला जीवच लावला. गवंडीकाका आणि काकूंनी तर फारच. लग्नानंतर ती दोघं पहिल्यांदा फिरायला आली ती माझ्याकडे. तेव्हापासून दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला यायची, माझ्या सावलीत चादर अंथरून डबा खायची आणि मनसोक्त भांडायचीसुद्धा इथेच.

गेल्या वर्षी काकांना माझ्या अंगावर एक भेग दिसली. हातातला घास त्यांनी डब्यात परत ठेवला. "अगं, ही पडेल गं!" वर्षभर त्यांना चैन नव्हतं म्हणे. यंदा ते डब्याच्या पिशवीत सिमेंट आणि थापी लपवूनच आले. काकूंना पायवाटेवर पहाऱ्याला उभं केलं आणि या वयात दगडावर चढून माझी भेग लिंपू लागले.

माझा जीव टांगणीला लागला. काका मला वाचवायला आले होते आणि त्यांच्याच हातून माझा घात होणार होता. पण ओरडायला मला तोंड कुठे आहे?

काकू पहाऱ्याच्या कामाला अगदीच कच्च्या निघाल्या. वनरक्षक ताई समोर येताच त्यांनी स्वतःच सांगून टाकलं, "बघा ना हो, हे माझं ऐकतच नाहीत!"

"काका, आधी खाली उतरा. काय चाललंय हे?" ताई म्हणाली.

"आयुष्यभर भिंती बांधल्या मी. हिला डोळ्यांदेखत पडू देऊ?"

"अहो, आत मुरलेलं पाणी त्याच भेगेतून बाहेर पडतं. ती बुजवलीत तर पाणी कोंडेल आणि ही आतून फुटेल."

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी ओलं सिमेंट खरवडून काढलं. काकूंनी प्यायच्या पाण्याची बाटली वर दिली. त्या पाण्याने काकांनी भेग धुतली आणि शर्टाच्या बाहीने पुसली. किती हळू पुसली हो त्यांनी!

"आणि आता हिच्याखाली बसायचं नाही," ताई म्हणाली. "वरून बारीक दगड सुटतात. तिकडे, कठड्याबाहेर बसा."

"म्हणजे हिच्याजवळ यायचंच नाही?" काकांनी विचारलं.

"चला हो, डबा गार होतोय," म्हणत काकूंनी त्यांचा हात धरला.

कठड्याबाहेर चादर अंथरली. काकांनी मान वर केली आणि बघतच राहिले. "अगं, एवढी मोठी आहे ही? आपण हिला कधी नीट पाहिलंच नाही की!"

इतकी वर्षं मलाही वरून त्यांची डोकीच दिसायची, काळ्याची पांढरी झालेली. त्या दिवशी प्रथमच ती दोघं माझ्याकडे बघत जेवली.

मित्रांनो, मी आज ना उद्या पडणारच. पाण्याने घडवलं, पाणीच नेईल, त्याची मला खंत नाही. तोवर या. कठड्याबाहेर बसा, डबा उघडा आणि पोटभर बघा माझ्याकडे. तुमचे चेहरे मला तिथूनच दिसतात.