पक्का अंधार

प्रयोगशाळेत मला सगळे मांजर म्हणतात. अंधारखोलीत कुठेही न धडपडता वावरते म्हणून. दोन दारांमागच्या त्या खोलीत मोहरीची रोपं काळोखातच उगवतात. पिवळी, लांबुडकी, मान मुरडलेली. जरासा उजेड पडला की पानं हिरवी करणारी जनुकं जागी होतात. म्हणून आत फक्त मिणमिणता हिरवा दिवा, जो रोपांना जवळपास कळतच नाही. मोबाइल बाहेर ठेवायचा, हा पहिला नियम.

त्या सकाळी मी तो खिशात ठेवला. ताई बाळंतपणासाठी दवाखान्यात होती आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता. खिसा थरथरला. उघड्या ट्रेवर वाकूनच मी वाचलं, मुलगी झाली. मावशी झाल्याच्या आनंदात तशीच उभी राहिले, आणि मग त्या पांढऱ्या उजेडात मला रोपं स्वच्छ दिसली. तासाभराने ती नेहमीसारखी जनुकांच्या तपासणीसाठी खुडून गोठवली आणि तोंड मिटून घेतलं.

आठवड्याने आमचे संशोधनप्रमुख, म्हणजे सर, अहवाल हातात घेऊन धावत आले.

"मांजरबाई, या वाणात जनुकं अंधारातच जागी झालीत. कुणी पाहिलं नसेल असं काही." इतक्या वर्षांत त्यांना एवढं हसताना मी पाहिलं नव्हतं. "अंधार पक्का होता ना?"

"हो," मी म्हणाले.

"मग सोमवारी पुन्हा करू. मी बाहेरच थांबतो."

सोमवारपर्यंत घास गिळवेना. भाचीला मांडीवर घेतलं तर ताई म्हणाली, "अगं, लक्ष कुठंय तुझं? दे इकडे तिला."

सोमवारी ट्रेवरचं झाकण काढलं. फोन खिशात होता. चुकून नाही, मीच आणला होता, खोटं कशाला बोलू. बटण दाबलं की पुन्हा तोच निकाल, सर खूश आणि मी सुटले. पण मग पुढच्या वेळी पुन्हा, त्याच्या पुढच्या वेळीही. बाहेर सर शीळ घालत होते. ते कधीच शीळ घालत नाहीत.

झाकण न लावताच मी दोन्ही दारं सताड उघडली. दिवसाचा उजेड थेट रोपांवर पडला आणि शीळ थांबली.

"अगं, हे काय केलंस?"

"त्या दिवशी याहून कितीतरी कमी उजेड पुरला होता, सर," मी म्हणाले, आणि खिशातला फोन त्यांच्या हातात ठेवला.